निळ्या मेट्रोवरचे बाजार आणि डोंगरावरची चूल

दोई इन्थानोन हा थायलंडमधला सर्वांत उंच डोंगर, २,५६५ मीटर. तंबू ठोकायची जागा त्याच्या माथ्यावर नाही, खाली उद्यानाच्या मुख्यालयाजवळ आहे, तेराशे मीटरच्या आसपास. डिसेंबरात तिथे तीन रात्री राहून चौघांचं रांधायचं असेल तर शिधा बँकॉकमध्ये चार दिवस आधीपासून जमवायला लागायचं. चियांग मायच्या एका सकाळीही सगळं गोळा होतं, नाही असं नाही. पण सहा-सात तासांत तीस जिन्नस घ्यायचे म्हटलं की हाताला येईल ते उचललं जातं, आणि बाटलीवरची थाई अक्षरं वाचायला वेळ उरत नाही.

बँकॉकची एक सोय अशी की कामाचे सगळे बाजार एमआरटी मेट्रोच्या एकाच निळ्या मार्गावर आहेत : सामयोत, वात मंगकॉन, ख्लोंग तोएय, काम्फेंग फेत. शेवटी बांग सू, जिथून उत्तरेची रात्रीची गाडी सुटते. खरेदीचा क्रम मात्र मेट्रोच्या नकाशावरून ठरवायचा नाही, जिन्नस किती टिकतो त्यावरून ठरवायचा. कोरडं आधी, ओलं शेवटी, आणि पाला तर गाडीत बसायच्या दोन-तीन तास आधी.

वार गुरुवार ते सोमवार असे धरले आहेत. रस्ते धुण्यासाठी बँकॉकमधल्या बऱ्याच हातगाड्या सोमवारी लागत नाहीत, म्हणून सोमवार बँकॉकबाहेर काढलेला बरा.

गुरुवार संध्याकाळ : याओवाराट

पहिल्या संध्याकाळी पिशवी न्यायचीच नाही. फक्त खायचं, आणि खाताना यादी करायची.

वात मंगकॉन हे स्थानक २०१९ साली सुरू झालं, तेव्हापासून याओवाराटला, म्हणजे चायनाटाउनला, जाणं सोपं झालं आहे. मेट्रोच्या फाटकाला व्हिसा किंवा मास्टरकार्डचं बिनस्पर्शाचं कार्ड चालतं, तिकिटाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. हातगाडीवर मात्र रोख. थाई माणसं क्यूआर दाखवून पैसे देतात, पण ते इथल्या बँकखात्यांसाठी, पाहुण्याने त्या भरवशावर राहू नये. एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी दोनशे बाथच्या वर कापून घेतं, तेव्हा पैसे एकदाच काढायचे आणि सेव्हन-इलेव्हनमध्ये पाण्याची बाटली घेऊन हजाराची नोट मोडायची. खिशात २०, ५० आणि १०० च्या नोटा असल्या की गाडीवाल्याचा आणि आपला, दोघांचा खोळंबा टळतो.

गाड्या सहानंतर लागतात आणि साडेसातपर्यंत फुटपाथवर पाय ठेवायला जागा उरत नाही. सव्वासहा ही बरी वेळ.

प्रत्येक गाडीवर एकच प्रश्न विचारायचा : या चवीमागे कोणता जिन्नस आहे? कुआय चाप या गुंडाळलेल्या तांदळाच्या शेवयांच्या सुपात घशाच्या मागे जो जाळ लागतो, तो मिरचीचा नसतो, पांढऱ्या मिरीचा असतो. (त्यात डुकराचं मांस आणि आतडी असतात. नको असेल त्याने शेजारची गाडी बघावी.) म्हणजे यादीत पहिलं नाव पांढरी मिरी, अख्खी, ५० ग्रॅम. फात थायच्या, म्हणजे परतलेल्या तांदळाच्या नूडल्सच्या, आंबट-गोडात चिंच आणि ताडगुळासारखा नरम गूळ असतो, आणि मध्येच दाताखाली जे बारीक, खारट-गोड, किंचित चिवट लागतं ते मुरवलेल्या मुळ्याचे तुकडे, त्यांना ‘चाय पो’ म्हणतात. हे तीन जिन्नस नसतील तर डोंगरावर होतो तो नुसता नूडल्सचा उपमा. आंबा आणि चिकट भातावर ओतलेलं नारळाचं दूध खारट लागलं तर ते बिघडलेलं नाही, मीठ मुद्दाम घातलेलं असतं. डिसेंबरात आंब्याचा हंगाम नसतो, त्यामुळे ती बशी महाग पडते आणि फळही जेमतेम. भाजलेले चेस्टनट मात्र बिनधास्त घ्यावेत.

नूडल्सच्या टपरीवर चार बरण्या असतात : साखर, मिरचीपूड, व्हिनेगरमधल्या मिरच्या आणि नाम प्ला, म्हणजे माशाचं खारवलेलं पाणी. चौथी बरणी पाहून शाकाहारी माणूस सावध होतो, पण तोवर ती चव सुपात उतरलेली असते. त्यासाठी दोन शब्द पाठ हवेत. ‘मंगसवीरात’ म्हणजे शाकाहारी, त्यात अंडं आणि दूध चालतं. ‘जे’ हा त्याहून कडक आहे : मांस, मासे, अंडं, दूध तर नाहीच, शिवाय कांदा-लसणासारख्या उग्र वासाच्या पाच वनस्पतीही नाहीत. ‘जे’चं दुकान दुरून ओळखता येतं. पिवळ्या झेंडीवर लाल रंगात इंग्रजी सतरासारखं दिसणारं अक्षर. पाकिटांवरही तीच खूण असते, आणि पुढचे तीन दिवस ती थाई वाचण्याऐवजी कामाला येते. जैन मंडळींनी एवढं लक्षात ठेवावं की ‘जे’मध्ये कंदमुळं चालतात, मुळा आणि बटाटा दोन्ही. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस सगळा चायनाटाउन ‘जे’ पाळतो. तो काळ पुष्कळदा आपल्या नवरात्राच्या आसपास येतो, तेव्हा उपासकरी मंडळींना यादीही फारशी लागत नाही.

बर्फाबद्दल एकच सांगायचं : मधोमध आरपार भोक असलेला नळकांड्याचा बर्फ कारखान्यातून आलेला असतो. लादी फोडून केलेला चुरा टाळावा.

शुक्रवार : तलात काव आणि पाहुरात

हा कोरड्या मालाचा दिवस, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचा. याओवाराटवरून आत शिरणारी इत्सरानुफाप ही गल्ली, तिच्यात ‘तलात काव’, म्हणजे जुना बाजार. सकाळी सातपर्यंत पोचावं. दहानंतर हातगाड्या, स्कूटर आणि गिऱ्हाईक एकाच चार फुटी बोळातून जायला बघतात, आणि दुकानदाराला दोन खीत मिरच्यांसाठी थांबायला फुरसत नसते.

‘खीत’ हा शब्द इथला खरा पासवर्ड. एक खीत म्हणजे १०० ग्रॅम. ढिगाऱ्यावरच्या पाटीवर ४० लिहिलं असेल तर ते किलोचं आहे, खीताचं आहे की आधीच बांधलेल्या पुडीचं, हे विचारून घ्यायचं. सुक्या कोळंबीवर हमखास खीताचा भाव असतो, आणि तो किलोचा समजून अर्धा किलो सांगणाऱ्याचे डोळे हिशेबाच्या वेळी उघडतात. दुकानावर बसलेल्या बाईंना ‘पा’ म्हणावं, म्हणजे मावशी. बाप्यांना ‘लुंग’. आपल्याकडे मंडईत मावशी-काका म्हटल्यावर जसा चेहरा सैलावतो तसाच तिथेही सैलावतो.

चौघांच्या तीन रात्रींसाठी या गल्लीतून घ्यायचं ते असं. वाळलेले शिताके मशरूम ५० ग्रॅम : टोपीवर भेगा पडलेले आणि जाड असतील ते चांगले, पातळ आणि काळपट असतील ते रश्श्यात रबर होतात. तोफूची साय, म्हणजे सोयादुधावर धरलेली आणि वाळवलेली पापडी, १०० ग्रॅम. ती काचेसारखी तुटते, म्हणून डब्यातच न्यायची, पिशवीत तिचा भुगा होतो. चाय पो १०० ग्रॅम : खारा आणि गोडा असे दोन प्रकार असतात, फात थायला गोडा बारीक कापून. फक्त खारा मिळाला तर पाण्यातून दोनदा काढायचा. सुक्या लाल मिरच्या अर्धा खीत, देठाशी बुरशी नाही हे बघून. शेंगदाणे २०० ग्रॅम, कच्चे. भाजलेले घेतले तर दोन दाणे तिथेच चावून बघावेत, खवट वास थंडीतही लपत नाही.

सुकी कोळंबी खाणाऱ्यांनी रंगाला भुलू नये. सगळे दाणे एकसारखे भडक नारिंगी असतील तर रंग चढवलेला असण्याचा संभव मोठा. चांगला माल थोडा फिकट, थोडा गुलाबी, असमान असतो. मुठीत दाबला तर चिकटत नाही, आणि वास समुद्राचा येतो, अमोनियाचा नाही. एक खीत पुष्कळ झाली.

भातासाठी होम माली, म्हणजे जास्मिन तांदूळ. माणशी एका वेळेला ८० ग्रॅम धरला तर चौघांना ३२० ग्रॅम, पाच वेळांचे १.६ किलो. थंडीत भूक वाढते, म्हणून दोन किलो. चिकट तांदूळ घ्यायचा मोह होतो, पण तो चार ते सहा तास भिजवावा लागतो आणि बांबूच्या टोपलीत वाफवावा लागतो. तंबूत ते जमत नाही. सोमवारी तयार विकत मिळतो, तेव्हा खावा. डिसेंबरात बाजारात नवा तांदूळ आलेला असतो, त्याला पाणी कमी लागतं. एका वाटीला सव्वा वाटीपासून सुरुवात करायची, दीड वाटी घातलं की थेट पेज.

फात थायच्या कोरड्या नूडल्समध्ये ‘सेन चान’ असं विचारून घ्यायचं, चार जणांना ४०० ग्रॅम. हा प्रकार चिवट असतो, कढईत तुटत नाही. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, गरम पाण्यात बुडवायच्या नाहीत. साध्या पाण्यात अर्धा ते पाऊण तास, वाकतील पण मधोमध किंचित कडक राहतील इतपतच. उरलेलं मऊपण कढईतला रस देतो. गरम पाण्यात आधीच मऊ झालेल्या नूडल्सवर चिंचेचा रस पडला की लगदा होतो, आणि तो मग कोणत्याही युक्तीने सुटत नाही.

याच गल्लीत साल काढलेली पिवळी मुगाची डाळ मिळते. थाई लोक ती गोड पदार्थांसाठी वापरतात. आपल्याला ती पावसाच्या संध्याकाळची खिचडी. पाव किलो जवळ असू द्यावी, डबा जड होत नाही.

दुपारी चालत पाहुरात. सामयोत स्थानकाजवळचा हा कापडाचा बाजार, सोन्याच्या घुमटाचा गुरुद्वारा ही खूण. त्याच्या आसपासच्या बोळांत तूरडाळ, हिंग, जिरं, कणीक, पापड सगळं मिळतं, आणि वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर लोणच्याची बाटलीही. इथे तासाभरापेक्षा जास्त घालवू नये. हे सगळं घरून आणलेलं स्वस्त पडतं.

शनिवार : ख्लोंग तोएय, मग सुपरमार्केट

शहरातला सगळ्यात मोठा ओला बाजार. फरशी सतत ओली असते, त्यात मासळीचं पाणी, म्हणून बंद बूट घालायचे. सकाळी सहा ते नऊ. मांसाच्या रांगेत जिवंत बेडूक आणि कोंबड्यांचे पिंजरे आहेत. बघवत नसेल त्याने भाजीच्या बाजूने आत शिरावं.

पोटपूजेला खनोम क्रोक. थाई बाजाराची सकाळ त्यावाचून होत नाही, आणि कोकणी माणसाने हा तवा पाहिला की पाय थांबतात, कारण ते उघडउघड आप्पेपात्र आहे. बिडाचा जाड तवा, दोन-अडीच डझन खळगे, खाली कोळसे किंवा गॅस. फरक पिठात आहे. आप्प्याचं पीठ एकच असतं, याला दोन लागतात. खालचं तांदळाच्या पिठाचं, पातळ नारळाच्या दुधातलं, किंचित खारट. ते खळग्यात पाऊण भरेपर्यंत ओततात, कड धरायला लागली की वरून घट्ट, गोड दूध चमचाभर, त्यावर कांद्याची पात, मक्याचे दाणे किंवा अळकुडीचे बारीक तुकडे, आणि मातीचं झाकण. आप्पे उलटतात, हे उलटत नाहीत. वरचा थर थरथरता राहिला पाहिजे. तीन-चार मिनिटांनी चमच्याने खरवडून काढायचे आणि दोन अर्धे एकमेकांवर ठेवून पूर्ण गोळा करायचा. पिशवीत बांधून नेले तर वाफेने दहा मिनिटांत कड मऊ पडते. तव्याशेजारी उभं राहूनच खावेत, आणि पहिला घास फुंकून, कारण आतलं दूध जीभ भाजतं.

ख्लोंग तोएयमधून जे तीन-चार दिवस टिकतं तेवढंच घ्यायचं. थाई लसूण : पाकळ्या हरभऱ्यापेक्षा जरा मोठ्या, साल पातळ, सालीसकट ठेचतात, २०० ग्रॅम. छोटे लाल कांदे ३०० ग्रॅम. लिंबं दहा, पातळ सालीची, दाबली तर दबणारी. कडक लिंबात रस नसतो. गूळ इथेच : ‘नाम तान पीप’ नारळाच्या किंवा ताडाच्या नीऱ्याचा. अस्सल गूळ मऊ, फिकट तपकिरी रंगाचा असतो आणि दमट हवेत घाम सोडतो. पांढरट, टणक, ढेपेला ठोकलं तर टक् असा आवाज येणारा असेल तर त्यात साखर मिसळलेली असते. पाव किलो पुरतो. स्टीलच्या घट्ट डब्यात ठेवावा, तंबूतल्या मुंग्यांना एवढा वास पुरतो. चिंच घरून आणली असेल तर इथे पैसे घालू नयेत.

इथे दगडी खलबत्त्यांपुढे मन डळमळतं. चोनबुरीतल्या आंग सिलाचे ग्रॅनाइटचे खल नावाजलेले आहेत आणि खरोखर आयुष्यभर जातात, पण मध्यम आकाराचा खल पाच किलोच्या पुढे भरतो. डोंगरावर तो न्यायचा नाही. मातीचा उंच खल तर सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीसाठी असतो : त्यात लाकडी मुसळाने पपई नुसती चेचतात, वाटत नाहीत. ओलं वाटण त्यात करायला गेलं तर तळाला चीर जाते.

जेवण एखाद्या साध्या भाताच्या दुकानात, फात कफ्राव आणि वर तळलेलं अंडं. कफ्राव म्हणजे तुळसच. अंगणातल्या वृंदावनातली, फार तर जात वेगळी. मंजिऱ्या दिसल्या की खात्री पटते. घरी जी आपण पूजेपलीकडे काढ्यातच घालतो ती इथे लसूण-मिरचीबरोबर मोठ्या आचेवर मूठभर पडते. शेवटी घालायची, गॅस बंद करून एकदाच परतायची. शिजली की तिचा लवंगेसारखा वास जातो. शाकाहारी करायचं असेल तर तोफू किंवा मशरूम, ‘माय साय नाम प्ला’ असं सांगून. ऑयस्टर सॉसचं वेगळं सांगावं लागतं, तो नाम प्लात मोजत नाहीत. तिखट कमी हवं असेल तर ‘फेत नॉय’ म्हणण्यापेक्षा मिरच्यांची संख्या सांगावी : ‘फ्रिक सोंग मेत’, दोन मिरच्या. कमी तिखट म्हणजे किती, यावर थाई आणि मराठी माणसाचं एकमत होतं, पण दिल्लीकर पाहुणा बरोबर असेल तर आकडाच बरा.

दुपारी मोठं सुपरमार्केट. २०२० पासून मोठ्या दुकानांत प्लास्टिकची पिशवी फुकट मिळत नाही, कापडी न्यावी.

नारळाचं दूध २५० मिलिची खोकी, चार. यातली पाठीवरची घटकांची ओळ वाचायलाच हवी. नुसता नारळ आणि पाणी असेल तर ते तापवल्यावर फाटतं आणि वर तेल येतं. थाई रश्श्याला तेच हवं असतं, त्या तेलात वाटण परततात. ‘इमल्सिफायर’ असेल तर दूध तासभर उकळलं तरी गुळगुळीतच राहतं. अशाच खोक्यावर वेळ आली तर हट्ट सोडायचा, दोन चमचे तेलात वाटण परतायचं आणि मग दूध घालायचं. सोया सॉस पातळ, ‘सी-इव खाव’, २०० मिलि. ऑयस्टर सॉसऐवजी मशरूमचा सॉस, त्यावर ‘जे’ची खूण असते. ‘मामा’ छापाचे झटपट नूडल्स सकाळसाठी आठ पाकिटं, पण तोम यम चवीत कोळंबी असते, शाकाहाऱ्यांना ‘जे’चंच पाकीट. काचेच्या बाटल्या टाळाव्यात. घेतल्याच तर झाकणावर चिकटपट्टीचे दोन फेरे. नाम प्लाची बाटली सॅकमध्ये गळली तर झोपायची पिशवी मुंबईला परत येईपर्यंत सांगत राहते.

संध्याकाळ पुन्हा बांधाबांधीची, ती चुकवायची नाही. २०२२ पासून थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत फोमचे डबे आणि एकदाच वापरायचं प्लास्टिक न्यायला बंदी आहे : पातळ पिशव्या, स्ट्रॉ, पेले, चमचे सगळं त्यात आलं. दंडाची मर्यादा एक लाख बाथपर्यंत. बाजारात मात्र सगळं पातळ पिशवीत रबर लावूनच मिळतं. तेव्हा हॉटेलच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून सगळं डब्यांत आणि कापडी थैल्यांत ओतायचं, थैलीवर मराठीत नाव लिहायचं. पांढरी मिरी आणि मुगाची डाळ टॉर्चच्या उजेडात सारखीच दिसते.

रविवार : ओर तोर कोर आणि रात्रीची गाडी

गाडी क्रमांक ९ क्रुंग थेप अफिवात स्थानकातून संध्याकाळी ६.४० ला सुटते. जुन्या हुआ लाम्फोंगला जाऊ नये, लांब पल्ल्याच्या उत्तरेकडच्या गाड्या जानेवारी २०२३ पासून तिथून सुटत नाहीत. नवं स्थानक मेट्रोच्या बांग सूला जोडलेलं आहे, आणि काम्फेंग फेत त्याच्या अलीकडचंच. काम्फेंग फेतला उतरलं की समोर ओर तोर कोर बाजार. म्हणून बोजा सकाळीच स्थानकावर ठेवता आला तर उत्तम, हात मोकळे राहतात.

ओर तोर कोर स्वच्छ आहे, कोरडी फरशी, रांगेत मांडलेली फळं, आणि भाव ख्लोंग तोएयच्या दीडपट-दुप्पट. तीन दिवसांचा शिधा इथे भरायचा नाही. दोन गोष्टींसाठी यायचं : वाटण आणि पाला.

वाटणाच्या दुकानात स्टीलच्या परातींत डोंगर रचलेले असतात, हिरवा, लाल, पिवळा, प्रत्येकाला वरून कालथ्याने गुळगुळीत केलेलं. जवळून पाहिलं की हिरव्यात गवती चहाचे तंतू आणि मक्रूत या खडबडीत लिंबाच्या सालीचे गडद ठिपके दिसतात. अगदी एकजीव आणि चकचकीत असेल तर ते यंत्रावर तेल-पाणी घालून वाटलेलं. चौघांच्या रश्श्याला ५०० मिलि दूध आणि एक खीत वाटण, हे माप सरळ बसतं. म्हणजे एक खीत हिरवं, एक खीत लाल. बहुतेक वाटणांत ‘कापी’, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा असतो. ‘माय साय कापी’ विचारावं, आणि मावशी मान हलवताना क्षणभर जरी थबकली तरी ‘जे’चं पाकीटबंद वाटण घ्यावं. पाकिटातलं खारट असतं, त्या रश्श्यात सोया सॉस शेवटी चव पाहून. ताजं वाटण बाहेरच्या हवेत एक-दोन दिवस टिकतं. डब्यात दाबून भरायचं, वर तेलाचा पातळ थर, आणि डोंगरावर पहिल्या दोन रात्रीच संपवायचं.

पाल्यात मक्रूतची पानं वीस, गवती चहाचे सहा देठ, खा या आल्याच्या भावंडाचा बोटभर तुकडा. गवती चहा तोच, जो आपण चहात घालतो. फक्त आपण पात वापरतो आणि ते बुडखा. वरची हिरवी पात तिथे काढून टाकलेली असते, ती मागितली तर बहुधा तशीच मिळते आणि डोंगरावरच्या सकाळच्या चहाला होते. कोथिंबीर मुळांसकट घ्यायची. मुळं, लसूण आणि पांढरी मिरी एकत्र ठेचली की अर्धा थाई स्वयंपाक तयार असतो. आपल्याकडे भाजीवाला हीच मुळं तोडून टाकतो.

तुळशीचे तीन प्रकार शेजारी शेजारी असतात. कफ्राव परतायला, होराफा (जांभळे देठ, बडीशेपेचा वास) रश्श्याला, आणि माएंगलक, जिला लिंबाचा वास येतो आणि जिचं बी आपल्या सब्जासारखं फुगतं. तिन्ही थंडीला नाजूक. फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पेटीत ठेवल्या की सकाळी काळ्या. देठाला ओला कागद गुंडाळून, उघड्या कापडी पिशवीत, वरच्या बाजूला न्यायच्या. गाडीतला एसी कडक असतो, पिशवी झोतापासून दूर ठेवावी.

जेवण बाजारातूनच बांधून घ्यावं. गाडीत दारूला २०१४ पासून बंदी आहे, आणि ड्युरियनचा विचारही करू नये.

सोमवार : वारोरोत, आणि वर

गाडी वेळेवर असली तर सव्वासातला चियांग माय. पिंग नदीकाठचा वारोरोत बाजार जुना आहे आणि सकाळी भरात असतो. भाजी, तोफू, अंडी इथूनच : बँकॉकहून आणण्यात अर्थ नव्हता. वाटाण्याएवढी हिरवी वांगी रश्श्याला, फरसबी, कोबी, पिवळा दाबलेला तोफू (पांढरा मऊ वाटेत फुटतो), अंडी बारा. थंडीत स्ट्रॉबेऱ्या आणि संत्री असतात.

नाश्त्याला चिकट भात आणि नाम फ्रिक नुम. भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि छोटे कांदे यांचं हे ठेचलेलं प्रकरण पाहून खानदेशी माणूस तरी नाव विचारणार नाही. त्यात माशाचं पाणी असतं की नाही ते मात्र विचारावं.

शेगडीचे २५० ग्रॅमचे गॅसचे डबे इथूनच, तीन. डब्यावरची रंगीत पट्टी बघण्यापेक्षा घटक बघावा : नुसता ब्यूटेन शून्य अंशाच्या जवळ वाफ व्हायचा थांबतो आणि त्याआधीच ज्योत मलूल होते. वर पहाटे पारा खूप उतरतो. डबा रात्री झोपायच्या पिशवीत पायाशी ठेवायचा, शेगडीला लावताना अंगातल्या जाकिटात दहा मिनिटं. गरम पाण्यात बुडवायचा नाही, शेगडीवर मोठा तवाही ठेवायचा नाही, कारण उष्णता खाली डब्याकडे परतते.

त्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांना उकळतं. भाताला तीन-चार मिनिटं जास्त आणि झाकणावर दगड. शिताके सकाळीच डब्यात थंड पाण्यात टाकून ठेवायचे, संध्याकाळपर्यंत पूर्ण फुगतात आणि त्यांचं पाणी रश्श्यात जातं. पहिल्या रात्री हिरवा रस्सा, कारण तुळस तेवढीच टिकणार. खोक्यातलं दूध थंडीने घट्ट झालेलं असतं : हलवायचं नाही, वरून कात्री लावून घट्ट साय आधी पातेल्यात काढायची, तिला तेल सुटलं की वाटण, मग उरलेलं पातळ. रिकामी खोकी कापून सपाट करावीत, धुऊन पिशवीत, आणि खाली येताना बरोबर.